तळटीपेतला खेळाडू : केविन ऑलीच्या कारकिर्दीविषयी

२० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये एक मोठी अदलाबदल झाली. सिॲटल सुपरसॉनिक्सने गॅरी पेटन हा आपला दिग्गज गार्ड आणि त्याच्याबरोबर डेस्मंड मेसन असे दोघे मिलवॉकी बक्सला दिले आणि मोबदल्यात रे ॲलनला घेतले. खेळाच्या इतिहासात हा व्यवहार ‘पेटन गेला, ॲलन आला’ एवढ्याच शब्दांत सांगितला जातो. प्रत्यक्ष कागद याहून लांब होता. ॲलनबरोबर नवोदितांच्या पहिल्या फेरीतील निवडीचा एक हक्क होता, रोनाल्ड मरे नावाचा एक नवखा खेळाडू होता आणि केविन ऑली होता. प्रस्तुत लेखाचा विषय या वाक्यातील शेवटच्या ‘आणि’च्या पुढे उभा असलेला माणूस आहे.

चरित्र हा वाङ्मयप्रकार वर्गात शिकवताना आपण एक आराखडा नकळत गृहीत धरत असतो. जन्म, संस्कार, संघर्ष, उत्कर्ष आणि उत्तरायुष्य. यांतला उत्कर्ष ज्याच्या आयुष्यात नाही त्याचे चरित्र सहसा कोणी लिहीत नाही. लिहिलेच तर एखाद्या साध्या टेकडीला शिखराचे रूप देण्यासाठी लेखकाची ओढाताण चालते. क्रीडाचरित्रांत तर हा दोष फारच ठळक दिसतो. ऑली तेरा हंगाम एनबीएमध्ये खेळला. एकूण ६६२ सामने, सामन्यामागे सरासरी ३.८ गुण आणि २.३ असिस्ट. या आकड्यांतून शिखर काढता येत नाही. त्याच्या कारकिर्दीला आकार आहे, पण तो कथेचा नाही, नोंदवहीचा आहे. अमेरिकी वृत्तपत्रांच्या क्रीडापानावर एका कोपऱ्यात अगदी बारीक टाइपात ‘व्यवहार’ या मथळ्याखाली खेळाडूंच्या नेमणुका, अदलाबदली आणि मुक्ततेच्या ओळी छापल्या जात. ऑलीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याचे पहिले साधन तेच. नोंदवही वाचण्याची ही सवय आपल्याला, म्हणजे साहित्याच्या माणसांना, इतिहासकारांकडून उसनी घ्यावी लागते.

अशा खेळाडूला इंग्रजीत ‘जर्नीमन’ म्हणतात. हा शब्द ऐकला की कोणालाही प्रवास आठवतो, आणि अकरा संघांतून फिरलेल्या माणसाला तो चपखलही वाटतो. परंतु व्युत्पत्ती वेगळे सांगते. त्याचा संबंध फ्रेंचमधील ‘दिवस’ या अर्थाच्या शब्दाशी, एका दिवसाच्या कामाशी आहे. मध्ययुगीन युरोपातील कारागिरांच्या श्रेणींमध्ये उमेदवारी संपवलेला, काम पक्के शिकलेला, पण स्वतःची पेढी नसलेला आणि दिवसाच्या मजुरीवर दुसऱ्याच्या कारखान्यात राबणारा तो जर्नीमन. मराठीत त्याला फिरस्ता म्हणण्यापेक्षा रोजंदार कारागीर म्हणणे अधिक खरे. फिरणे हा त्याचा स्वभाव नव्हे, ती त्याच्या मजुरीची अट होय. हा भेद ध्यानात ठेवला की ऑलीची नोंदवही वेगळी दिसू लागते.

त्याचा जन्म १९७२ चा, डॅलसमधला. बालपण लॉस एंजेलिसमध्ये गेले आणि क्रेन्शॉ हायस्कूलमधून तो देशाच्या दुसऱ्या टोकाला, कनेटिकट विद्यापीठात गेला. तिथे जिम काल्हून हे कडक शिस्तीचे प्रशिक्षक होते. त्यांच्या हाताखाली १९९१ ते १९९५ अशी चार वर्षे तो खेळला. डॉन्येल मार्शल आणि रे ॲलन हे त्याचे तिथले सहकारी. मार्शल १९९४ च्या निवडीत चौथा, ॲलन १९९६ मध्ये पाचवा. मधल्या १९९५ च्या वर्षी दोन फेऱ्यांत ५८ नावे पुकारली गेली आणि ऑलीचे नाव त्यांत नव्हते.

त्याचे काम पॉइंट गार्डचे. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती न लागू देता मैदानाच्या मध्यरेषेपलीकडे न्यायचा, आखलेली चाल सुरू करून द्यायची आणि ज्याला जिथे चेंडू हवा तिथे तो पोहोचवायचा. फटका मारण्याचा मोठेपणा दुसऱ्याचा. दुरून फटका मारणे हे ऑलीचे बलस्थान कधीच नव्हते. चेंडू न गमावणे आणि समोरच्या गार्डला सुखाने खेळू न देणे, या दोन गोष्टींवर त्याने तेरा हंगाम काढले. पहिली गोष्ट प्रेक्षकाला दिसतही नाही, कारण जे घडले नाही त्याला टाळ्या कशा पडणार?

एनबीएचे दार बंद झाल्यावर तो कॉन्टिनेंटल बास्केटबॉल असोसिएशनच्या, म्हणजे सीबीएच्या ‘कनेटिकट प्राइड’ या संघात दाखल झाला आणि दोन हंगाम तिथेच राहिला. या सीबीएविषयी थोडे विस्ताराने लिहिण्याचा मोह होतो. तिची स्थापना १९४६ ची, एनबीएच्या पूर्वज संघटनेच्याही काही आठवडे आधीची. वयाने थोरली असूनही ती कायम धाकटेपणाने वागवली गेली. लहान शहरे आणि बेताचा पगार असा तिचा संसार. तिथली गुणपद्धतही विलक्षण होती. प्रत्येक सामन्यात सात गुण पणाला लागत; विजयाचे तीन आणि चार डावांपैकी प्रत्येक डाव जिंकल्याचा एकेक. म्हणजे वीस गुणांनी हरत असलेला संघदेखील शेवटचा डाव जिवावर उदार होऊन खेळे, कारण त्या डावाची मजुरी वेगळी होती. रोजंदारीचे तत्त्व खुद्द गुणफलकातच उतरलेली अशी दुसरी लीग प्रस्तुत लेखकाला ठाऊक नाही. १९९९ मध्ये आयसाया थॉमस या निवृत्त महान खेळाडूने ती विकत घेतली आणि २००१ च्या फेब्रुवारीत, हंगाम अर्ध्यावर असताना, ती बंद पडली. पुढे कोणी ती पुन्हा उभी केली आणि काही वर्षांनी ती पुन्हा मिटली. त्याच २००१ मध्ये एनबीएने स्वतःची विकास-लीग सुरू केली. ऑली मात्र तोवर वरच्या घरात पोहोचला होता.

वरच्या घरात जाण्याचा एक अरुंद जिना म्हणजे दहा दिवसांचा करार. जानेवारी उजाडला की एनबीएच्या संघांना बाहेरच्या खेळाडूला दहा दिवसांसाठी घेण्याची मुभा मिळते. एका हंगामात एक संघ एका खेळाडूशी असे दोनच करार करू शकतो. त्यानंतर एक तर त्याला हंगामाच्या अखेरपर्यंत ठेवायचे, नाही तर सोडून द्यायचे. ऑलीची सुरुवातीची वर्षे अशाच अल्पमुदतीच्या नेमणुकांनी भरलेली आहेत. १९९७–९८ च्या हंगामात डॅलस, मग ऑर्लँडो. पुढचा हंगाम मालक आणि खेळाडू यांच्या भांडणात ५० सामन्यांवर आला. त्यात सॅक्रामेंटो आणि पुन्हा ऑर्लँडो, दोन्हीकडे मिळून अगदी मोजके सामने. दहा दिवसांत माणसाने काय सिद्ध करावे? नवी चालींची वही पाठ करावी, सहकाऱ्यांची नावे लक्षात ठेवावीत, हॉटेलातच सामान ठेवावे. आणि अकराव्या दिवशी सकाळी फोन वाजण्याची वाट पाहावी, किंवा तो वाजू नये अशी इच्छा करावी.

येथे एक कबुली देणे प्रामाणिकपणाचे ठरेल. या विषयाकडे मी बास्केटबॉलच्या वाटेने आलो नाही. तासिका तत्त्वावर मराठी शिकवण्यात माझी सात वर्षे गेली. दर जूनमध्ये त्याच महाविद्यालयात, त्याच खोलीत, मला चांगले ओळखणाऱ्या त्याच मंडळींपुढे नव्याने मुलाखत द्यायची, आणि ‘आपला परिचय करून द्या’ या प्रश्नाचे गंभीरपणे उत्तर द्यायचे. दिवाळीच्या सुट्टीचा पगार नाही, कारण सुट्टीत तास नाहीत. त्या काळात एका क्रीडासाप्ताहिकात दहा दिवसांच्या कराराविषयी वाचले आणि हसू आले. अर्थात तुलना ताणू नये. एनबीएतला किमान वेतनाचा खेळाडूही वर्षाला लाखो डॉलर मिळवतो आणि त्याला आपल्या पंगतीत बसवून गळा काढणे हा ढोंगीपणा होईल. ताटातले पदार्थ वेगळे आहेत. ताट उचलून नेण्याची पद्धत मात्र तीच आहे, आणि मला येथे त्या पद्धतीविषयी बोलायचे आहे.

पुढची यादी भराभर सांगतो. १९९९–२००० मध्ये फिलाडेल्फिया. २००० मध्ये न्यू जर्सी आणि त्याच हंगामात पुन्हा फिलाडेल्फिया. ॲलन आयव्हर्सनने याच हंगामात सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळवून त्या संघाला अंतिम फेरीत नेले आणि लेकर्सकडून १–४ अशी हार पत्करली. मग शिकागो. तेथून फेब्रुवारी २००२ मध्ये जेलन रोझच्या मोठ्या अदलाबदलीत इंडियाना. या व्यवहारातही ब्रॅड मिलर, रॉन आर्टेस्ट, रॉन मर्सर अशी नावे आधी आणि ऑलीचे शेवटी. मग मिलवॉकी, मग सिॲटल. या शेवटच्या बदलीत एक मौज आहे. स्टॉर्स गावी विद्यापीठाच्या संघात एकत्र घाम गाळलेले दोन तरुण, ॲलन आणि ऑली, सात-आठ वर्षांनी मिलवॉकीत भेटतात आणि एकाच कागदावर एकत्रच सिॲटलला पाठवले जातात. एक त्या कागदाचे कारण आहे, दुसरा त्याचे वजन जुळवणारे माप. पुढे क्लीव्हलंड, तिसऱ्यांदा फिलाडेल्फिया, मिनेसोटा आणि शेवटी २००९–१० मध्ये ओक्लाहोमा सिटी. संघांची संख्या किती, तर अकरा. पण नावे मोजली तर बारा भरतात. कारण २००८ मध्ये सिॲटलचा संघच आपले नाव, रंग आणि गाव टाकून ओक्लाहोमा सिटीला गेला. म्हणजे भटका म्हणवला जाणारा ऑली तिथे पोहोचला तेव्हा मालकानेच बिऱ्हाड हलवलेले होते. निष्ठेची अपेक्षा नेहमी खेळाडूकडूनच का केली जाते, हा प्रश्न त्या वेळी सिॲटलमधील लोकांना वेगळ्या कारणाने पडला असेल.

ही फिरती नशिबाची नव्हे, तिला कायद्याचा इतिहास आहे. १९७० पर्यंत एनबीएचा खेळाडू ज्या संघाने घेतला त्या संघाला व्यवहारात जन्माचा बांधलेला असे. त्या वर्षी खेळाडू संघटनेचा अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन (तोही गार्डच) याच्या नावाने लीगविरुद्ध खटला दाखल झाला आणि १९७६ मध्ये तडजोड होऊन खेळाडूंना संघ बदलण्याचा हक्क हळूहळू मिळू लागला. १९८३ च्या करारात संघांच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा आली. आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. खर्चाला छप्पर आहे आणि तारांकित खेळाडू जाऊ-येऊ शकतो. तेव्हा छपराखालची बहुतेक जागा दोन-तीन ताऱ्यांना जाते. उरलेल्या खुर्च्या स्वस्तात आणि कमी मुदतीवर भराव्या लागतात. रॉबर्टसनच्या लढ्याने ताऱ्याला जाण्याचे स्वातंत्र्य मिळाले. त्याच व्यवस्थेत रोजंदाराच्या वाट्याला न राहू शकण्याची सक्ती आली. लढा व्यर्थ होता असे मला म्हणायचे नाही. त्याआधीची वेठबिगारी कोणी परत मागणार नाही. परंतु मुक्तीच्या इतिहासात मुक्तीची किंमत कोणाच्या खात्यावर पडली हेही लिहिले जावे. १९९९ च्या करारात या वर्गासाठी एक दिलासा आला. खेळाडू जितका जुना तितके त्याचे किमान वेतन अधिक, आणि महाग म्हणून म्हातारा नको असे होऊ नये यासाठी त्याच्या एका वर्षाच्या वेतनाचा काही भाग लीगच्या सामाईक निधीतून. ऑलीसारखे लोक सदतिशीपर्यंत टिकले त्यामागे जिद्द आहेच, पण हे कलमही आहे. प्रेरणादायी भाषणांत जिद्द तेवढी येते.

२००३ च्या उन्हाळ्यात क्लीव्हलंडने त्याला पाच वर्षांचा करार दिला. वयाच्या तिसाव्या वर्षी पहिल्यांदाच त्याच्या पायाखाली जमीन आली. त्याच वर्षी त्या संघात अठरा वर्षांचा लेब्रॉन जेम्स दाखल झाला. ऑली हंगामातले सगळे ८२ सामने खेळला. एका वर्षाने त्याला पुन्हा फिलाडेल्फियाला पाठवून क्लीव्हलंडने एरिक स्नो हा त्याच्याहून वरच्या दर्जाचा गार्ड घेतला. पाच वर्षांचा करार पाच वर्षांचाच राहिला. फक्त तो क्लीव्हलंडशी आहे असे जे वाटत होते ते खरे नव्हते.

आयव्हर्सन, ॲलन, जेम्स. या प्रत्येकाच्या चरित्रात एखाद्या पानावर ऑलीने असावे असा योग आहे आणि तिथे तो असलाच तर तळटीपेपुरता. आपल्याकडे मैफलीच्या जाहिरातीत गायकाच्या नावाखाली ‘साथ’ असा शब्द छापून तबला-पेटीवाल्यांची नावे देण्याची रीत आहे. साथीदार आज एका गायकाबरोबर, उद्या दुसऱ्या घराण्याच्या गायकाबरोबर बसतो आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. उलट कोणाची लय कुठे सुटते आणि कोणाला किती मोकळीक द्यावी, हे ओळखणे हीच त्याची विद्या. ‘जर्नीमन’ या शब्दात जो सौम्य अनादर आहे तो ‘साथीदार’ या शब्दात नाही. ऑलीची विद्या या जातीची होती, हे त्याच्या शेवटच्या हंगामात उघड झाले. ओक्लाहोमा सिटीच्या संघाने आदल्या वर्षी ८२ पैकी २३ सामने जिंकले होते. केविन ड्युरँट एकवीस वर्षांचा, रसेल वेस्टब्रुकही त्याच वयाचा. ऑली जेमतेम २५ सामने खेळला. त्या वर्षी संघाने ५० सामने जिंकले, आणि सराव कसा करायचा, आहार-विश्रांती कशी सांभाळायची, व्यावसायिक म्हणजे काय, हे संघाला ऑलीने शिकवले असे ड्युरँटने पुढे जाहीरपणे सांगितले. एका माणसाने सत्तावीस सामन्यांचा फरक पाडला असे कोणताही शहाणा म्हणणार नाही. ती मुले वाढत होती. पण साक्ष ड्युरँटची आहे आणि गुणफलकात त्यासाठी रकाना नाही.

२०१० मध्ये खेळणे थांबवून तो काल्हून यांचा साहाय्यक म्हणून विद्यापीठात परतला. सप्टेंबर २०१२ मध्ये काल्हून निवृत्त झाले आणि सूत्रे ऑलीकडे आली. येथेही नोंदवहीने आपला स्वभाव सोडला नाही. राष्ट्रीय पातळीवर तीन विजेतेपदे मिळवलेल्या या संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला पहिला करार मिळाला तो सुमारे सात महिन्यांचा. खेळाडूंची शैक्षणिक प्रगती निकषाखाली गेल्याने त्या हंगामात संघाला अखेरच्या स्पर्धांत खेळण्याची बंदी होती. डिसेंबरअखेर त्याला दीर्घ करार मिळाला. एप्रिल २०१४ मध्ये सातव्या मानांकनाच्या कनेटिकटने केंटकीला ६०–५४ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. सातव्या मानांकनाचा संघ याआधी कधी जिंकला नव्हता. सामना झाला तो आर्लिंग्टन येथे, डॅलसच्या शेजारी. म्हणजे त्याचे जन्मगाव आणि एनबीएतील पहिला संघ यांच्या अंगणात. चरित्रकाराला हवे असलेले शिखर हेच, असे कोणी म्हणेल. मी म्हणत नाही, कारण नोंदवहीत त्यानंतरही ओळी आहेत.

पुढचे दोन हंगाम बरे गेले, त्यापुढचे दोन पराभवाचे. १० मार्च २०१८ रोजी विद्यापीठाने त्याला काढले. नवोदित खेळाडूंच्या भरतीचे नियम मोडल्याचा ठपका होता, आणि ‘योग्य कारणास्तव’ बडतर्फी असल्याने कराराचे उरलेले एक कोटी डॉलरहून अधिक वेतन देण्यास नकार होता. २०१९ मध्ये राष्ट्रीय क्रीडा संघटनेनेही त्याच्यावर तीन वर्षांचे निर्बंध लादले. नियम मोडले गेले होते, हे झाकून त्याला हुतात्मा करण्याचे कारण नाही. पण काढण्याची रीत हा वेगळा प्रश्न होता, आणि येथे आपल्या व्यवसायाला जवळचा असा तपशील येतो. कनेटिकट विद्यापीठात प्रशिक्षकांचे प्रतिनिधित्व प्राध्यापकांचीच संघटना करते, अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी प्रोफेसर्सची स्थानिक शाखा. संघटनेचे म्हणणे असे की सामूहिक करारानुसार कर्मचाऱ्याला काढायचे तर गंभीर गैरवर्तन सिद्ध व्हायला हवे. प्रशिक्षकाच्या व्यक्तिगत करारातील सैल कलम पुरेसे नाही. जवळजवळ चार वर्षे वाद चालला. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने ऑलीच्या बाजूने निर्णय देऊन १ कोटी ११ लाख डॉलरहून अधिक रक्कम देण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आणखी ३९ लाखांची तडजोड झाली.

दहा-दहा दिवसांच्या कागदांवर खेळत आलेल्या माणसाने आपली सर्वांत मोठी लढाई मैदानावर जिंकली नाही. ती त्याने एका सामूहिक करारातील कलमावर जिंकली, आणि ते कलम शिक्षकांनी मिळवलेले होते. त्याच्या चाहत्यांना २०१४ ची ती रात्र आठवत राहील, ते स्वाभाविक आहे. मला मात्र लवादाचा निर्णय अधिक वाचनीय वाटतो.

२०२१ पासून दोन वर्षे त्याने अटलांटातील ‘ओव्हरटाइम एलीट’ या तरुणांच्या लीगमध्ये काम केले. २०२३ मध्ये तो ब्रुकलिन नेट्सचा साहाय्यक प्रशिक्षक झाला. हे नेट्स म्हणजे त्याने २००० मध्ये ज्यांचा गणवेश काही आठवडे घातला होता तोच न्यू जर्सीचा संघ, २०१२ मध्ये नदीपलीकडे स्थलांतरित झालेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुख्य प्रशिक्षकाला काढण्यात आले आणि उरलेल्या २८ सामन्यांसाठी ऑलीची नेमणूक झाली. ११ विजय, १७ पराभव. हंगाम संपल्यावर एप्रिलमध्ये दुसऱ्या प्रशिक्षकाची घोषणा झाली. ऑलीच्या नेमणुकीच्या बातमीत त्याच्या पदाआधी एक शब्द छापलेला होता : हंगामी.